बाजारपेठ मोठी, मग नफा कोणाचा?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आणि शिवाजी उद्यमनगरात वडिलोपार्जित मशीनशॉप आहे. वाहन उद्योगाला आम्ही कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेले भाग, पुरवतो. देशाची बाजारपेठ मोठी असली की उद्योजकाची भरभराट होते, असे नेहमी ऐकतो. मग एवढ्या मोठ्या देशात आमच्या हाती फारसे का उरत नाही?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोठ्या बाजारपेठेचा फायदा खरा आहे आणि तो आपल्याच फौंड्रीत मोजता येतो. समजा, धातूच्या एका पॅटर्नला, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याला, दोन लाख रुपये खर्च आला. ५०० नगांची ऑर्डर असेल तर प्रत्येक नगावर ४०० रुपयांचा बोजा पडतो. ऑर्डर २०,००० नगांची झाली तर तोच बोजा १० रुपयांवर येतो. भट्टी सलग चालली की टनामागे वीजही कमी लागते आणि मोल्डिंग (साचा बनवणे), कोअर (आतल्या पोकळीचा साचा), मशीनिंग या प्रत्येक कामात मुरलेली वेगळी माणसे ठेवणे परवडते.

मात्र लोकसंख्या म्हणजे बाजारपेठ नव्हे. माल विनाअडथळा पोहोचला पाहिजे आणि घेणाऱ्याची ऐपत हवी. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होईपर्यंत आपला देश करांच्या दृष्टीने अनेक तुकड्यांत विभागलेला होता, आणि नाक्यांवर खोळंबलेल्या ट्रकांचा खर्च शेवटी मालाच्या किमतीतच चढत असे. याउलट सुमारे ९० लाख वस्तीच्या स्वित्झर्लंडमधील नेस्ले कंपनीच्या एकूण विक्रीत मायदेशाचा वाटा अगदीच थोडा आहे. देश लहान असल्यामुळे तिथल्या उद्योगांनी प्रथमपासून परदेशी ग्राहक धरले.

आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे उदाहरण तैवानचे आहे. १९८७ मध्ये स्थापन झालेली टीएसएमसी स्वतःच्या नावाची एकही चिप विकत नाही; इतरांच्या आराखड्यांप्रमाणे ती चिप बनवून देते, म्हणजे आपल्या भाषेत जॉबवर्कच करते. तरीही ती जगातील सर्वांत मौल्यवान कंपन्यांपैकी एक आहे, कारण तिचे ग्राहक जगभर पसरलेले आहेत आणि सर्वांत प्रगत चिप त्या दर्जाने व त्या प्रमाणात बनवून देणारा दुसरा पुरवठादार त्यांना सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे जॉबवर्कमध्ये पैसा नाही, ही उद्यमनगरात सर्रास ऐकू येणारी समजूत मला पटत नाही.

आपल्याकडे उणीव नेमकी इथे आहे. गाड्यांची मोठी बाजारपेठ वाहन कंपनीची आहे. आपली बाजारपेठ म्हणजे आपल्याकडून माल घेणाऱ्या दोन-तीन कंपन्या. तेच कास्टिंग शेजारच्या फौंड्रीतही होत असेल, तर नग वाढल्याने वाचलेला पैसा खरेदीदार दर कमी करून मागतो आणि आपल्याला तो द्यावा लागतो. विक्रीचा निम्म्याहून अधिक भाग एकाच ग्राहकावर अवलंबून असल्यास, त्याच्यासाठी आणखी क्षमता वाढवण्याआधी पंप, व्हॉल्व्ह किंवा ट्रॅक्टर क्षेत्रातील नवा ग्राहक जोडावा, असे माझे ठाम मत आहे. मशीनशॉप घरचेच आहे, तेव्हा कच्च्या कास्टिंगऐवजी मशीनिंग करून थेट जोडणीला तयार असलेला भाग देता येईल. कोल्हापूरच्या ज्या फौंड्र्या निर्यात करतात, त्यांच्याकडूनही परदेशी खरेदीदार असाच तयार भाग, तपासणीच्या दाखल्यासह आणि ठरल्या तारखेला मागतात.