फिजिओथेरपीचा क्लेम: साठ दिवस मोजायचे ते डिस्चार्जपासून

प्रश्न: आईच्या गुडघ्याचं प्रत्यारोपण झालं, 3 मार्चला डिस्चार्ज मिळाला. जूनअखेरपर्यंत फिजिओथेरपीच्या 34 सिटिंग झाल्या. 600 रुपयांप्रमाणे 20,400. 30 जूनची पावती लावून जुलैत क्लेम केला. कंपनीने ‘मुदतीबाहेरचा खर्च’ म्हणून सगळाच नाकारला. ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर: आधी पॉलिसीतलं डिस्चार्जनंतरच्या खर्चाचं कलम वाचा. तिथे 60 दिवस असतील (काहींत 90 किंवा जास्त असतात), तर तुमची मुदत 2 मेला संपली. गुडघा वाकायला चार महिने लागले, याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नाही. त्यानंतरच्या सिटिंगचे पैसे विसरा.

2 मेपर्यंतच्या सिटिंगवर मात्र भांडता येईल. खर्च उपचाराच्या दिवशी झाला, पावती फाडली त्या दिवशी नव्हे. पण चार महिने एकही बिल न घेता शेवटी एकच पावती घेतलीत, तर कंपनीला 30 जूनच दिसणार! आता फिजिओथेरपिस्टकडून लेटरहेडवर तारीखवार तक्ता घ्या: प्रत्येक सिटिंगची फी, त्यांचा नोंदणी क्रमांक, गुडघा सुरुवातीला किती अंश वाकत होता आणि 2 मेच्या सुमारास किती. तक्त्यावर तारीख आजचीच हवी. मागच्या तारखांची बिलं बनवून घेतलीत तर क्लेम तर जाईलच, पॉलिसीही जाऊ शकते. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेचा उतारा जोडा. फिजिओथेरपी सर्जनने लिहून दिली होती, हे डिस्चार्ज कार्डावर नसेल तर त्यांचं पत्र घ्या. सिटिंग घरी झाल्या असतील तर पॉलिसीत त्याला मनाई आहे का, तेही पाहा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. सांधा आखडला म्हणून भूल देऊन गुडघा वाकवायला पुन्हा दाखल केलं होतं का? तो क्लेम मंजूर होण्याजोगा असेल, तर त्या डिस्चार्जपासून नवे 60 दिवस मागता येतील.

कागद उशिरा दिल्याचा मुद्दा नकाराच्या पत्रात नसेल, तर तुम्ही होऊन काढू नका.

आयोगात एवढ्या रकमेसाठी तारखा मोजत बसाल. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. वर्षाची मुदत आहे, फी नाही, वकील चालत नाही. प्रकरण आयोगात नेलंत तर लोकपाल ते घेणार नाही. अर्जाला नकाराचं पत्र आणि पॉलिसीची सगळी पानं जोडा, नुसतं पहिलं नव्हे.