केमिकलची आग किंवा गळती झाल्यावर फायरवाले तपास कसा करतात? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या काही महिन्यांत आलेले प्रश्न एकदम वाचायला घेतले तर निम्मे तेच तेच निघाले, म्हणजे काही चुकीच्या गोष्टी फिरत फिरत सगळ्यांपर्यंत पोचल्यात. मी फायर सर्व्हिसमध्ये केमिकलच्या घटनांवर काम केलंय आणि आग विझल्यानंतरच्या तपासात बरीच वर्षं घालवलीत. तरी आधीच सांगतो, इथलं वाचून तुमच्या जागेबद्दलचा निर्णय घेऊ नका, तो फायर ऑफिसरला जागा दाखवूनच घ्या.

प्रश्न: शेजारच्या गोदामात ड्रम फुटला, फायर ब्रिगेडची गाडी आली आणि वीस मिनिटं लांबच उभी. दुर्बिणीतून बघत होते. आत का गेले नाहीत?

कारण आत काय आहे हे न कळता आत गेलं की बाहेर काढायची माणसं वाढतात. तुम्हाला ते नुसते उभे दिसले पण तपास तेव्हाच सुरू झालेला असतो. गाडी वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि शक्यतो चढावर लावायची, मग लांबूनच पाटी, लेबल, टाकीचा आकार बघायचा, दोन्ही टोकं गोल असलेली जाड टाकी दिसली की आत प्रेशर आहे असं धरूनच चालायचं. चार आकडी यूएन नंबर, म्हणजे धोकादायक मालाला जगभर ठरवून दिलेला नंबर, वाचता आला तर फार मोठं काम होतं, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल. नंबरवरून किती अंतर रिकामं करायचं, कुठला सूट घालायचा, पाणी मारायचं का नाही हे ठरतं. मग जागेचे हॉट म्हणजे धोक्याचा, वॉर्म म्हणजे मधला आणि कोल्ड म्हणजे सुरक्षित असे तीन झोन पाडतात. हॉट झोनमध्ये सूट आणि हवेचा सिलेंडर लावलेली जोडीच जाते, एकटा कोणी जात नाही, आणि बाहेर येताना वॉर्म झोनमध्ये त्यांना धुवून काढतात. त्या वेळात गोदामाचा माणूस स्टॉकची यादी घेऊन समोर आला असता तर वीस मिनिटं लागली नसती. यादी ऑफिसात आणि ऑफिस त्याच गोदामात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता प्रत्येकाला सांगतो, एक कॉपी गेटवर ठेवा.

प्रश्न: अनुभवी फायरमनला वासावरून गॅस ओळखता येतो ना?

नाही, आणि कोणी तसं करत असेल तर त्याला थांबवा. हायड्रोजन सल्फाइडला थोडं असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, माणसाला वाटतं गॅस गेला आणि तो आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

प्रश्न: एका सेल्समनने गॅस डिटेक्टर दाखवला, म्हणतो एकच मशीन सगळे गॅस पकडतं, घेतलं की गोदाम सेफ. घेऊ का?

त्याच्या शब्दावर घेऊ नका. असं मशीन नसतं. बहुतेक वेळा हे लोक जे विकतात ते साधं चार गॅसचं मीटर असतं, ते ऑक्सिजन, जळणारा गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एवढंच बघतं. समोर क्लोरीन असेल तर त्याचा वेगळा सेन्सर लागतो, आणि तुमच्या गोदामात क्लोरीनच सुटू शकत असेल तर हे मीटर शांत बसेल आणि तुम्ही आत जाल. जळणाऱ्या गॅसचा सेन्सर बहुधा मिथेनवर सेट केलेला असतो, दुसऱ्या वाफेला त्याचा आकडा तसाच्या तसा खरा धरता येत नाही, हिशोब करावा लागतो. ज्या प्रकारचा सेन्सर सर्रास मिळतो त्याला चालायला ऑक्सिजन लागतो म्हणून आम्ही आधी ऑक्सिजनचा आकडा वाचतो. सिलिकॉनचा स्प्रे जवळपास मारला तरी हा सेन्सर मरतो, आणि मेलेला सेन्सर सुद्धा शून्यच दाखवतो, म्हणून वापरायच्या आधी टेस्ट गॅस देऊन बघावं लागतं. हे त्याने सांगितलं होतं का तुम्हाला? तुमच्याकडच्या मालाची यादी घेऊन इंडस्ट्रियल सेफ्टीच्या जाणकाराकडे जा, मशीन नंतर.

प्रश्न: केमिकलच्या आगीवर पाणी चालतं का?

काहींवर चालतं, काहींवर घात होतो. टँकरच्या नारिंगी पाटीवर वरच्या, म्हणजे धोक्याच्या नंबरच्या आधी इंग्रजी एक्स असेल तर पाणी नाही. बाकी विझवणाऱ्यांवर सोडा.

प्रश्न: आमच्या युनिटमध्ये छोटी आग लागली, विझली. क्लीनिंग कंपनीवाले त्याच रात्री आले, म्हणाले सकाळपर्यंत सगळं स्वच्छ करून सर्टिफिकेट देतो. आम्ही करून घेतलं. आता तपासवाले ओरडतायत. आमचं काय चुकलं?

सगळंच चुकलं, आणि हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण याच एका गोष्टीमुळे किती तपास वाया गेलेत ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आग विझली म्हणजे विझवण्याचं काम झालं. आग का लागली याची उत्तरं अजून त्या राखेत, ड्रमच्या बुडाशी, व्हॉल्वच्या दांड्यावर असतात. व्हॉल्व उघडा होता का बंद, कुठला ड्रम आतून फुगून फाटला आणि कुठला बाहेरच्या आचेने, भिंतीवर जळाल्याचा सगळ्यात खालचा डाग कुठे, कोणत्या गोणीशेजारी कोणती गोणी होती. ऑक्सिडायझरची, म्हणजे ऑक्सिजन पुरवून आग भडकवणाऱ्या केमिकलची गोणी आणि जळणारं काही शेजारी होतं का एवढ्या एका प्रश्नावर अख्खा तपास उभा असतो. तुमच्या माणसाने चांगल्या मनाने व्हॉल्व बंद केला, ड्रम उचलून कोपऱ्यात लावले, फरशी धुतली, की हे सगळं एका तासात गेलं. नमुने घ्यायलाही काही उरत नाही. नमुना म्हणजे मूठभर राख पिशवीत भरणं नाही. पेट्रोलसारख्याची वाफ साध्या पॉलिथिनमधून निघून जाते, म्हणून नवा कोरा पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा लागतो, ॲसिड असेल तर काच, आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड काचेलाच खातं त्यामुळे त्याला प्लास्टिक. शिवाय न जळलेल्या भागातला तसाच एक तुकडा तुलनेसाठी घ्यायचा, नाहीतर लॅबच्या मशीनने पकडलेलं केमिकल बाहेरून आलं का मुळातच त्या फरशीच्या गोंदात होतं हे कसं कळणार? डबा कोणी भरला, किती वाजता, कोणाच्या हातात दिला, याची नोंद एका जागी जरी तुटली तरी तो नमुना कोर्टात टिकणं अवघड.

चीनमध्ये तिआनजिन बंदरावर केमिकलच्या गोदामात १२ ऑगस्ट २०१५ ला आग लागून स्फोट झाले ते बघा. १६५ माणसं गेली, ८ बेपत्ता, आणि मृतांमध्ये निम्म्याहून जास्त फायरमन होते. आत नेमका कुठला माल कुठे ठेवलाय याची धड माहिती पहिल्यांदा पोचलेल्यांकडे नव्हती. नंतर तपासात निघालं की सुरुवात नायट्रोसेल्युलोज या झटकन पेटणाऱ्या केमिकलपासून झाली, ते ओलं ठेवावं लागतं, ओलावा उडाला, उन्हाळ्यात माल आपोआप तापत गेला आणि पेटला, आणि मग आग अमोनियम नायट्रेटपर्यंत गेली. मुद्दाम आग लावलेली नव्हती, वायरीचा दोष नव्हता, ओलावा टिकला नाही हे कारण. एवढं नेमकं कारण कळलं म्हणूनच पुढच्या गोदामात काय तपासायचं ते ठरवता येतं. धुतलेल्या जागेतून हे निघत नाही, मग रिपोर्टमध्ये ‘कारण निश्चित करता आलं नाही’ असं लिहावं लागतं आणि तीच चूक दुसऱ्या कोणाकडे परत होते. मी असे रिपोर्ट लिहिलेत, लिहिताना फार वाईट वाटतं.

आणि ते सर्टिफिकेट. जागा स्वच्छ असल्याचा कागद क्लीनिंगवाल्याने स्वतःच्याच कामाला दिला, त्याला अर्थ काय? आगीवर मारलेलं पाणी केमिकल घेऊन वाहतं, ते कुठल्या गटारात गेलं, मातीत किती मुरलं, हे त्यांनी तपासलं होतं का? आता तुमच्या हातात एवढंच आहे, क्लीनिंगवाल्यांनी काय उचललं, कुठे टाकलं, कुठलं केमिकल वापरून धुतलं ते लेखी घ्या, तुमच्या लोकांच्या मोबाइलमधले धुण्याआधीचे फोटो, व्हिडिओ, सीसीटीव्हीचं फुटेज जसंच्या तसं ठेवा आणि आजच तपास अधिकाऱ्याला नेऊन द्या. आणि त्यांचा लेखी होकार येईपर्यंत आणखी कशाला हात लावू नका.

प्रश्न: दुसऱ्याच दिवशी बातमी येते ‘शॉर्ट सर्किटमुळे आग’, मग फायरचा रिपोर्ट यायला महिने का लागतात?

दुसऱ्या दिवशीची बातमी बऱ्याचदा अंदाज असतो. जळालेल्या वायरीवर तांब्याचा मणी सापडला म्हणून शॉर्ट सर्किटने आग लागली असं होत नाही, लागलेल्या आगीने इन्सुलेशन जळूनही तसाच मणी तयार होतो. केमिकल असेल तर लॅबचा रिपोर्ट यावा लागतो, प्रोसेसचे तापमानाचे रेकॉर्ड, साक्षीदार, एकेक शक्यता पुराव्याने तपासावी लागते, आणि बाकी काही सापडलं नाही म्हणून उरलेलंच कारण खरं, हे तपासात पुरेसं धरत नाहीत. उशीर मात्र काही वेळा निव्वळ फाइल पडून राहिल्याने होतो, ते मला अजिबात मान्य नाही. लेखी अर्ज करून विचारत राहा.

प्रश्न: परवानगीपेक्षा जास्त माल होता. खरं सांगितलं तर इन्शुरन्स अडकेल का?

ते वकिलाला विचारा. पण घटना चालू असताना फायरवाल्यांना आणि डॉक्टरांना खरं सांगायचंच, त्यात वकिलाची वाट बघायची नाही. भोपाळला १९८४ मध्ये २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री गॅस सुटला तेव्हा हॉस्पिटलमध्ये लोकांची रीघ लागली होती आणि डॉक्टरांना विष नेमकं कुठलं, त्यावर करायचं काय, याची पुरेशी माहितीच मिळत नव्हती. तुमच्या दोन ड्रमांची लपवाछपवी सूट घालून आत गेलेल्या पोराच्या जिवावर येऊ शकते हो.

प्रश्न: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र झालं, खोकला आला, आता बरं वाटतंय. तरी डॉक्टर?

हो, आजच. ॲसिडवाला क्लीनर आणि ब्लीच मिळून क्लोरीन सुटतो, आणि फुप्फुसाचा त्रास कधी कधी काही तासांनी वर येतो. दूध प्या, वाफ घ्या हे फॉरवर्ड डिलीट करा. दोन्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवायला न्या, निदान लेबलचे फोटो तरी.

प्रश्न: स्कूटरची लिथियम बॅटरी पेटली होती, विझली. पार्किंगमध्ये ठेवली तर चालेल?

नाही. ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही परत पेटते. उघड्यावर, बिल्डिंग आणि गाड्यांपासून किमान १५ मीटर लांब, आणि हलवायची ती फायरवाल्यांना विचारूनच. भंगारात देऊ नका, तपासाला तीच लागणार आहे.

प्रश्न: गोदामात एक जुना ड्रम आहे, लेबल फाटलंय, आत काय आहे कोणालाच माहीत नाही. उघडून बघू?

उघडू नका, हलवू नका, ठोकून बघू नका. फुगलेला असेल किंवा झाकणाशी खडे जमलेले दिसले तर सगळ्यांना बाहेर काढा आणि तिथूनच फायर ब्रिगेडला फोन करा. तसं काही दिसत नसेल तरी आजूबाजूला कोणाला फिरकू देऊ नका, लांबून फोटो काढा, जुनी बिलं शोधा आणि फोन उद्यावर ढकलू नका.