आधी दोन रविवार कॅमेरा घरीच ठेव

नागपुरातल्या एका राजकीय कैद्याच्या घरच्यांवर माहितीपट होतोय, तिथे बिनपगारी कॅमेरा करायला जावं का आणि कुठली लेन्स न्यावी, असं तू विचारलंयस. जा. लेन्सचं शेवटी बघू.

मी असंच एक काम केलंय, तेही मे महिन्यात. घर दोन खोल्यांचं. कूलरच्या घरघरीत आवाज घेणं अशक्य, म्हणून मी तो बंद करायला लावला. कैद्याची आई सत्तरीपुढची. दहाव्या मिनिटाला पदराने मान पुसत म्हणाली, "चालू कर नं बाप्पा तो कूलर, जीव घाबरते." पोराच्या अटकेची रात्र ती तिसऱ्यांदा सांगत होती, कारण आधी दोनदा माझाच फोकस हुकला होता. आजही आठवलं की मान खाली जाते. पुढे मी पहाटे सहाला जायला लागलो, कूलर लागायच्या आत. प्रश्न विचारायचेच नाहीत, नुसतं बसायचं. अटकेची रात्र शेवटी त्या फिल्ममध्ये नाहीच. तुरुंगातल्या मुलाकातीच्या आदल्या संध्याकाळी सून पिशवी भरते, ते आहे. बनियन, चष्मा, दोन पुस्तकं. त्यातलं एक ती बाहेर काढते, परत आत ठेवते, पुन्हा काढते. गेल्या खेपेला ते फाटकावरूनच परत आलं होतं.

म्हणून पहिले दोन रविवार रिकाम्या हाताने जा. चहा घे, घरच्यांना तुझी सवय होऊ दे.

सुटकेचा दिवस हा फिल्मचा शेवट, असं कुणी लिहून ठेवलं असेल तर त्यांना आत्ताच सांग. यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायदा, त्यात आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर न्यायालयाला जामीन देता येत नाही, आरोपपत्रालाच १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून यूएपीएखाली शिक्षा झालेले दिल्ली विद्यापीठातले प्रा. जी. एन. साईबाबा, त्यांचं बघ, ते इथल्याच कारागृहात होते. १४ ऑक्टोबर २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना मुक्त केलं आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाने बसून तो निकाल स्थगित केला. ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने पुन्हा निर्दोष सोडलं, ७ तारखेला ते बाहेर आले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादेत त्यांचं निधन झालं. अशा घरातलं कॅलेंडर आपल्या शूटिंगच्या वेळापत्रकावर चालत नाही.

वर्धा रोडवरच्या कारागृहाच्या फाटकावर लपूनछपून कॅमेरा रोखू नकोस. आत चित्रीकरणाला शासनाची परवानगी लागते, आणि बाहेर तू केलेल्या आगाऊपणाचा जाच मुलाकातीला जाणाऱ्या सुनेला होतो. वकिलांचा फोन आला की माईक काढून घे. माझा एकदा चालूच राहिला होता. ती फाईल मी घरच्यांसमोर पुसली. खटल्याची कागदपत्रं स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ नकोस. संमतीपत्र मराठीतच कर, आणि फिल्म पूर्ण होईपर्यंत घरच्यांना नकार देता येईल, असं त्यात स्पष्ट लिहा. लहान मुलांचा चेहरा घ्यायचा की नाही, हे त्यांच्या आईला पुन्हापुन्हा विचार. तिचं उत्तर बदलतं, बदलू दे.

पेट्रोल आणि हार्ड डिस्कचा खर्च कोण देणार, हे आधीच बोलून घे. फुकट काम म्हणजे पदरचे पैसे घालणं नव्हे.

आता लेन्स. खोल्या लहान, दोन पावलं मागे सरकलास की पाठीला भिंत. २४ नाहीतर ३५ मिलिमीटरची एकच ने.