डेबियन ११ वरून १२ वर जाताना अडलेली पॅकेजे

निपाणीच्या सोसायटीतील सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ११ वरून १२ वर नेताना 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' या संदेशापाशी काम थांबल्याचे आपण लिहिले आहे. खानापूर तालुक्यातील एका सोसायटीची यंत्रे सांभाळताना याच संदेशाने मला फार दमवले, म्हणून सविस्तर लिहितो. बॅकअप आपण घेतला असेल, असे गृहीत धरतो.

हा संदेश आला म्हणजे कोणी एखादे पॅकेज (सॉफ्टवेअरचा बसवायचा गठ्ठा) मुद्दाम रोखून ठेवले आहे, असे नव्हे. परस्परांशी जुळणारा पॅकेजांचा संच ॲप्ट या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला सापडला नाही, एवढेच त्यावरून कळते. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ही आज्ञा काहीच दाखवत नसेल, तर बाहेरच्या रिपॉझिटरीवर, म्हणजे डेबियनव्यतिरिक्त कोणी पॅकेजे पुरवत असलेल्या स्रोतावर, संशय घ्यावा.

आमच्याकडे हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी स्वतःची रिपॉझिटरी जोडून तिच्यातून पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची 'लिबपीक्यू५' ही लायब्ररी बसवली होती आणि तिच्या आवृत्तिक्रमांकाआधी '१:' असा इपॉक, म्हणजे तुलनेत सर्वांत आधी पाहिला जाणारा अंक, लावला होता. असा क्रमांक इपॉक नसलेल्या कोणत्याही क्रमांकापेक्षा मोठा ठरतो, मग डेबियनची आवृत्ती कितीही नवी असो. त्यामुळे ॲप्ट ती जुनी लायब्ररी सोडत नव्हते आणि ज्यांना डेबियनचीच नेमकी आवृत्ती लागते, ती पॅकेजे अडून बसत होती. पुरवठादाराच्या कार्यालयाला विचारले की 'सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करा' एवढेच उत्तर मिळे. हा इपॉक कशासाठी, हे सांगू शकेल असा माणूस कधीच फोनवर आला नाही. देखभालीचे पैसे मात्र वेळेवर मागितले जात. मार्चअखेरीस सोसायटीचा सर्व्हर पुसायला सांगणाऱ्यांनी हिशेबाचे सॉफ्टवेअर विकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

'ॲप्ट-कॅश पॉलिसी'ला अडलेल्या पॅकेजचे नाव दिले की बसलेली आवृत्ती कोठून आली, ते दिसते. डेबियन ११ वर असतानाच परका स्रोत काढावा, 'ॲप्ट अपडेट' करावे आणि 'ॲप्ट इन्स्टॉल'मध्ये पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह व डेबियनची आवृत्ती लिहून लायब्ररी मागे आणावी. नुसता स्रोत काढल्याने बसलेले पॅकेज बदलत नाही. उबुंटूचे अपग्रेड-साधन परके स्रोत आपणहून बंद करते, तरी तेथेही हीच गोम राहते. मग स्रोत बुकवर्मकडे (हे डेबियन १२ चेच नाव) वळवून आधी नवी पॅकेजे न आणणारे मर्यादित अपग्रेड करावे आणि 'फुल-अपग्रेड'पूर्वी त्याची रंगीत तालीम घेऊन काय काय काढले जाणार आहे, ते वाचावे. आपले अपग्रेड अर्धे झाले असेल, तर हा मार्ग जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. नवी ग्लिबसी (बहुतेक सर्व प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) बसली असल्यास तिला मागे नेण्याच्या फंदात पडू नये. कोणी सगळ्या तपासण्या डावलणारे 'फोर्स-ऑल' सुचवले, तर सरळ दुर्लक्ष करावे.

शेवटी, गरज न उरलेली पॅकेजे काढणाऱ्या 'ऑटोरिमूव्ह'ची यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये. आपल्याकडे सभासदाची पावती मराठीत आणि सरकारी कागद कन्नडमध्ये छापावे लागतात. दुसऱ्या एखाद्या पॅकेजबरोबर आलेला लोहित कन्नड फॉन्ट या सफाईत गेला, तर कागदावर नुसते चौकोन उमटतात. तो 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल'ने आपण स्वतः बसवलेला म्हणून आधीच नोंदवून ठेवावा.