वाचकांचे प्रश्न : जुन्या माउंटन बाइकला का हसतात?

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. वय पंचावन्न. एका गराज सेलमध्ये मला १९९१ सालची स्टीलची माउंटन बाइक मिळाली. चाकं २६ इंची, सस्पेन्शन पुढेही नाही, मागेही नाही. खोलून, साफ करून, ग्रीस भरून मी ती चालती केली. ओळखीतली मराठी मुलं रविवारी सॅन राफेलच्या चायना कॅम्प पार्कात सायकली घेऊन जातात, त्यांच्यात मीही जाऊ लागलो. सगळ्यांकडे नवीन फुल सस्पेन्शन सायकली. "काका, ही म्युझियमला देऊन टाका" हे दर आठवड्याला ऐकतो. उतारावर मागे पडलो की थांबतात, पण चेहऱ्यावर कीव दिसते. दुसरीकडे, जुन्या सायकली जमवणारे एक गृहस्थ तिथेच भेटले. ते म्हणतात, या पोरांना सायकल चालवताच येत नाही, सगळं सस्पेन्शन करतं. मला दोन्ही खटकतं. खरं काय? सायकल बदलू का?

उत्तर : कोणी हसतं म्हणून तर मुळीच बदलू नका. मी मरीन काउंटीत, म्हणजे चायना कॅम्प आहे त्याच भागात, सायकल दुरुस्तीचं काम करते. तुम्ही लिहिलेली दोन्ही वाक्यं माझ्या कामाच्या टेबलापाशी सारखी कानावर पडतात, आणि एकाच डोंगरावर प्रेम करणारी माणसं त्यापायी एकमेकांशी बोलायची थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चायना कॅम्पहून फेअरफॅक्स गाव फार लांब नाही. त्याच्या मागच्या डोंगरात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी 'रीपॅक' नावाची उतारावरची सायकल शर्यत पहिल्यांदा झाली. साधारण दोन मैलांत १३०० फूट खाली. पोरं श्विन कंपनीच्या १९३०-४० च्या सुमाराच्या, जाड टायरच्या अवजड सायकली घेऊन यायची. पॅडल उलटं दाबलं की मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मध्यभागातला, ब्रेक लागायचा. उतरताना तो हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली पोचल्यावर हब खोलून ग्रीस पुन्हा भरल्याशिवाय सायकल कामाची राहायची नाही. शर्यतीला नाव पडलं ते त्यावरूनच.

त्या मंडळींना जुन्याचं सोवळं नव्हतं. त्यांच्यातल्या गॅरी फिशरने जुन्या श्विनवर गिअर चढवले, ड्रम ब्रेक बसवले, मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर लावले. जुने सांगाडे त्या माराला पुरे पडेनात, तेव्हा त्यांच्यातल्याच 'जो ब्रीझ' याने १९७७ मध्ये क्रोम-मॉली या मजबूत पोलादाच्या नळ्यांचा नवाच सांगाडा घडवला. ती पहिली ब्रीझर आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे १९८४ च्या सुमारास याच ब्रीझने जॉश एंजेलबरोबर 'हाइट-राइट' काढली. एक साधी स्प्रिंग, एक टोक सीटच्या दांड्याला, दुसरं सांगाड्याला. उतार आला की सायकलवर बसल्याबसल्या क्लँपची खिट्टी सैल करायची, अंगाचा भार द्यायचा, सीट खाली. उतार संपला की खिट्टी पुन्हा सैल करून भार काढायचा, सीट आपोआप वर. तुमच्याबरोबरची मुलं हँडलवरचा खटका अंगठ्याने दाबून सीट खाली घेतात, ती हीच कल्पना पुढे नेलेली. म्हणून त्या गृहस्थांच्या तोंडी 'नव्या सोयी म्हणजे लबाडी' हे मला पटत नाही. ज्यांच्या सायकली ते जपतात, त्या लोकांनी हाताला लागेल ती प्रत्येक नवी सोय लगेच वापरून बघितली होती.

आता मुलांसाठी. १९७० च्या दशकातल्या त्या सायकलींचं हँडल रुंद होतं आणि पुढचं चाक धरणारा चिमटा चांगला कललेला, जमिनीशी ६८ अंशांच्या आसपास. पुढचं चाक पुढे, माणूस मागे. नंतर चढावाच्या शर्यतींचं महत्त्व वाढलं आणि १९९० पर्यंत सगळं बदललं. चिमटा ७१ अंशांवर उभा झाला, हँडल ५६-५८ सेंटिमीटरवर आलं, हँडलला सांगाड्याशी जोडणारा स्टेम १२ ते १५ सेंटिमीटर लांब झाला. तुमची सायकल याच काळातली. तिच्यावर अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, चढाला ती सरळ रेष धरते, पण तीव्र उतारावर आपण हँडलवरून पुढे पडतो की काय असं वाटत राहतं. आजच्या ट्रेल बाइकचा चिमटा ६४ ते ६६ अंश, हँडल ७८ सेंटिमीटरच्या आसपास, स्टेम जेमतेम चार-पाच. बसायच्या ढबीने नवी सायकल तुमच्या १९९१ च्या सायकलीपेक्षा १९७७ च्या सायकलीला जास्त जवळची आहे. तेव्हा उतारावर तुम्ही मागे पडता त्यात वयाचा वाटा कमी आणि त्या घडणीचा जास्त. हे मुलांना जरूर सांगा, त्यांना ते नक्की ठाऊक नसणार.

आमच्याकडे एक निवृत्त सुतार येतात. स्टीलच्या जुन्या सायकलीखेरीज दुसरीवर कधी बसले नव्हते, आणि नव्या सायकलवाल्यांविषयी तुमच्या त्या गृहस्थांसारखंच बोलायचे. भाच्याने एकदा आपली नवी सायकल त्यांना दिली आणि त्यांची स्वतः घेतली. परत आल्यावर त्यांनी फक्त तर्जनी वर केली. डिस्क ब्रेक एका बोटाने लागतो, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांच्या जुन्या, रीमवर रबर दाबणाऱ्या कँटिलिव्हर ब्रेकला तीन बोटं लागतात आणि लांब उताराच्या शेवटी ती बधिर होतात. इतकी वर्षं ते त्याला उतार म्हणजे असाच असतो असं समजत होते. भाचा मात्र चढाबद्दलच बोलत होता. पॅडलवर उभं राहिलं की मधे काहीच दबत नाही, दिलेला सगळा जोर सरळ मागच्या चाकात जातो, हे त्याने पहिल्यांदा अनुभवलं. आणि उतारावर कुठल्या दगडाला वळसा घालायचा हे दहा हात आधी ठरवावं लागतं, नाहीतर तो दगड मनगटाला कळतो! सुतारकाका अजून आपलीच सायकल चालवतात. पण पोरांना चालवता येत नाही, हे वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा ऐकलं नाही.

तुम्हीही हेच करा. चायना कॅम्पच्या शोअरलाइन ट्रेलवर, जिथे उतार सौम्य आहे, तिथे एखाद्या मुलाशी सायकल बदला. आधी दोघांच्या सीटची उंची नीट लावून घ्या, आणि तुमचा ब्रेक किती जोरात दाबावा लागतो ते त्याला उभ्याउभ्या दाखवा. बाकी रविवारी चढाला तुम्ही पुढे राहा, उताराला त्यांना पुढे जाऊ द्या. थांबायची जागा निघण्याआधीच ठरलेली असली की कोणी कोणासाठी खोळंबत नाही आणि कीव करायला जागा उरत नाही. इथल्याच माउंट टॅम डोंगरावरच्या मातीच्या रुंद रस्त्यांवर तर वेगाची मर्यादा ताशी १५ मैल आहे, आंधळ्या वळणावर ५. तिथे चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आपल्या सगळ्यांचाच त्रास होतो. कोणाची सायकल कुठल्या सालची, हे ते बघत नाहीत.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. तुमचं हँडल आणि स्टेम अॅल्युमिनियमचे असतील तर ते बदला. तीस वर्षांहून जुन्या अॅल्युमिनियममधली चीर बऱ्याचदा बाहेरून दिसत नाही, आणि हँडल तुटायचं ते नेमकं उतारावर, भार पडल्यावर तुटतं. ब्रेकचे रबर कडक झाले असणारच, तेही नवे घाला. टायरच्या बाजूला बारीक भेगा असतील तर टायरही. जमवणारे म्हणतील मूळपण गेलं. काढलेले भाग कापडात गुंडाळून खोक्यात ठेवा, मूळपण तिथे सुरक्षित राहतं. हँडल बदलताना थोडं रुंद आणि स्टेम थोडा आखूड घेतलात, तर उतारावरची ती पुढे पडण्याची भीतीही बरीच कमी होईल.

प्रश्न : पुण्यात राहते. माझ्याकडे वीसेक वर्षांपूर्वीची २६ इंची, पुढे सस्पेन्शन असलेली सायकल आहे, व्ही-ब्रेकची. मुलाने २९ इंची घेतली. तो म्हणतो, "आई, तुझी चाकं बदल, मगच टेकडीवर बरोबर ये." माझ्या सायकलला २९ इंची चाकं बसतील का?

उत्तर : नाही बसणार, आणि त्यावर एक रुपयाही घालवू नका. २६ इंची रीमचा, टायर बसतो तिथला, व्यास ५५९ मिलिमीटर, २९ इंचीचा ६२२. तुमचे ब्रेक रीमवर लागतात, ते रबर मोठ्या रीमपर्यंत पोचणारच नाहीत. शिवाय टायर चिमट्यात आणि मागच्या नळ्यांमध्ये अडकेल. आजच्या बहुतेक चाकांचे हबही जास्त रुंद असतात, तुमच्या मागच्या १३५ मिलिमीटरच्या खाचेत ते जात नाहीत.

मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, हे मुलाचं म्हणणं खरं आहे. तुमच्या सायकलला त्यातला काही भाग टायरने मिळवता येतो. भारतात २६ इंची टायर अजून सहज मिळतात. मावेल तेवढा रुंद, म्हणजे २.१ किंवा २.२ इंची घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. रस्त्यावर कडक वाटणारी तुमची सायकल टेकडीवर एकदम मऊ चालू लागेल. टायर बसवल्यावर चाक हाताने फिरवून बघा. नळी आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जागा राहिली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात पहिल्याच चिखलात चाक अडकेल. आणि बरोबर यायला चाकं बदलण्याची अट मुलाने घालू नये, हे त्याला माझं नाव घेऊन सांगा.