पट्टा घट्ट वाटतो तेव्हा कप तपासा

"माझं अंगच बेढब आहे, मला कुठलीच ब्रा नीट बसायची नाही." ब्राचं माप घ्यायला आलेल्या भरल्या अंगाच्या बऱ्याच स्त्रिया पहिल्याच भेटीत हे बोलून दाखवतात. चाळिशीच्या एका ताईंचंही हेच म्हणणं होतं. खांद्यावर पट्ट्यांचे खोल वण, पाठीवर वर चढलेला मागचा पट्टा, काखेजवळ टोचणारी वायर. घालत होत्या 44 बी (44 हा छातीखालच्या पट्ट्याचा आकडा, बी हे कपाचं अक्षर). आधी 42 बी घट्ट व्हायची म्हणून 44 घेतली. आता 46 घ्यावी का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

त्यांच्या अंगात काहीही चूक नव्हती, माप चुकलं होतं. हे त्यांना आधी सांगणं गरजेचं होतं, कारण अंगाची लाज वाटली की बाई माप घ्यायलाच टाळते आणि वर्षानुवर्षं अंदाजाने घेत राहते.

मग इंची टेप. स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप सरळ आणि अंगालगत धरली: 38. नंतर स्तनांच्या सर्वांत भरलेल्या भागावर, न आवळता. उभ्याने 43, कमरेतून वाकून 45. मऊ, जड स्तन उभं असताना खाली ओघळतात आणि माप कमी भरतं, म्हणून दोन्हींची सरासरी धरायची: 44. फरक 6 इंच. 1 इंचाला ए, 2 ला बी, 3 ला सी, 4 ला डी. म्हणजे त्यांचा कप डीच्याही दोन पायऱ्या पुढचा. डीच्या पुढची अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, तेव्हा तिचाच तक्ता बघावा. छातीखालच्या मापात 4-5 इंच मिळवायला सांगणारा जुना हिशेब मात्र सोडून द्यावा, त्याने पट्टा हमखास सैल येतो.

खरी गोम इथे आहे. कपाचं अक्षर तेच ठेवून पट्ट्याचा आकडा वाढवला की कपही मोठा होतो. 42 बीवरून 44 बीवर गेल्यावर ताईंना मोकळं वाटलं ते कपामुळे. लहान कपात न मावलेले स्तन पट्ट्याला पुढे ओढतात आणि आपल्याला वाटतं, पट्टाच आवळतोय. आकडा वाढवत गेलं की पट्टा ढिला पडतो, मागून वर सरकतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. भार मुख्यतः छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो.

38 ऐकून ताई बिचकल्याच. त्यांना 38 चीच ब्रा उलटी घालायला सांगितली: कप पाठीकडे, हूक पुढे. पट्ट्यात दोन बोटं सहज गेली. मग सरळ घालून पुढे वाकायचं, काखेकडचा मऊ भाग हाताने कपात घ्यायचा आणि मगच खांद्याचे पट्टे जुळवायचे. ही पायरी गाळली तर कप पुरेसा आहे की नाही, ते कळतच नाही. वायर स्तनाच्या कडेने, बरगड्यांवर टेकली पाहिजे. दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला लागला पाहिजे. स्तन अगदी जवळजवळ असतील तर तो थोडा उचलला जातो, ते चालतं. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक सैलावत गेलं की आतल्या ओळी लागतात. एवढं करूनही आवळल्यासारखं वाटलं तर 40 चा पट्टा आणि एक पायरी लहान कप घ्यावा. कपात तेवढंच मावतं.

वर पोकळी राहते म्हणून लगेच लहान कप घेऊ नये. स्तन खालच्या बाजूने भरलेले असले की साच्यातला गुळगुळीत कप वरून उघडा राहतो. अशा वेळी तीन तुकडे जोडून शिवलेला कप घ्यावा, तो उचलतोही छान.

दोन आठवड्यांनी ताई आल्या तेव्हा खांद्याचे वण फिकट झाले होते. तक्रार नवी होती: बसलं की पट्ट्याची खालची कड दुमडते. पोटाची घडी पट्ट्याला वर ढकलते, म्हणून असं होतं. त्यासाठी तीन-चार हुकांचा रुंद पट्टा आणि बाजूला उभी पट्टी असलेली ब्रा सुचवली. घ्यायच्या आधी दुकानातच दोन मिनिटं बसून आणि हात वर करून बघायचं. स्तनांखाली घामाने लालसर झालं होतं. तिथली त्वचा कोरडी करून सुती अस्तराची ब्रा घालायला सांगितली, आणि ओलसर चट्टा किंवा वास आला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला.