दम्याचं शिबिर की दम्याची वही?

नंदुरबारकडच्या ताईंनी विचारलंय, गावात दम्याचे वीसेक पेशंट आहेत, ग्रामपंचायत मोठं शिबिर घ्यायला तयार आहे, फायदा होईल का?

शिबिर घेऊन थांबणार असाल तर नाही. चोपडा तालुक्यात आम्ही हेच करून बसलोय. मंडप, चहा, फोटो आणि प्रत्येकाच्या हातात एकेक निळा पंप. तीन महिन्यांनी तीच माणसं रात्री रिक्षातून दवाखान्यात! चूक आमचीच. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, आवळलेली श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी करतो. आतली सूज उतरवायला रोजचा स्टिरॉइडचा पंप लागतो, तो आम्ही दिलाच नव्हता. नुसत्या निळ्या पंपावर पेशंट ठेवू नका, असं 'जीना' या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगताहेत.

पुढे आशाताईंनी साधी दोनशे पानी वही घातली. दर महिन्याला घरी जाऊन चार प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्याने जाग आली का? निळा पंप आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? काम अडलं का? तीन 'हो' आले की डॉक्टरकडे. शिवाय वर्षात निळे पंप किती संपले तेही लिहायचं. तीन किंवा जास्त म्हणजे मोठ्या अटॅकचा धोका.

आणि पंप घेऊन दाखवा म्हणा! एका आजींनी दाबला, तर सगळी वाफ ओठांतून बाहेर. वर म्हणाल्या, "माले लोकेसमोर पंप लेवानी लाज वाटस." पंपाची सवय लागते, ही भीती तर घरोघरी. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून त्यात पंप बसवायचा आणि बाटलीच्या तोंडाकडून श्वास घेता येतो. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. रोजच्या पंपानंतर चूळ भरायचीच.

धुराचं अवघड आहे. गॅस असला तरी अंघोळीचं पाणी पऱ्हाटीवरच, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांवरच, तापतं. निदान ती चूल बाहेर पडवीत न्यायला लावा. (भरिताचं वांगं पऱ्हाटीवर भाजू नका असं खान्देशात कोण सांगणार? दम्याच्या माणसाने धुरापासून लांब बसावं, एवढंच.) तुमच्याकडे मिरचीच्या पथारीवर (मिरची वाळवतात तिथे) जाणाऱ्या बाया आणि कापसाच्या जिनिंगमधले मजूर वहीत आधी घ्या. हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी त्यांचा रोजचा पंप चालू आहे ना, हे बघा.